साइडकार शर्यतीचा परवडणारा वर्ग: इंजिनाआधी चासी नियमात बांधून टाका

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या दहा-बारा पोरांचा ग्रुप आहे. कुणाकडे जुनी बुलेट, कुणाकडे येझदी, एकाकडे आरडी ३५०. इंग्लंडातल्या क्लासिक साइडकार शर्यती बघून त्यांच्या डोक्यात आलंय की आपल्याकडेही नवख्याला परवडेल असा एक वर्ग सुरू करावा. कोणती गाडी घ्यावी, नियम काय ठेवावेत, खर्च आटोक्यात कसा राहील, येझदी चालेल का, आणि घरी पडून असलेली साइडकारवाली चेतक शर्यतीत घ्यायची का?

वर्ग काढता येईल. पण तुमच्या प्रश्नात इंजिनाबद्दल बरंच काही आहे आणि पॅसेंजरबद्दल, म्हणजे वळणात बाहेर लोंबकळून गाडीचा तोल सांभाळणाऱ्या जोडीदाराबद्दल, एक शब्द नाही. त्यावर पुढे येतो. आधी पैशाचं बोलू.

मी काही वर्षं इंग्लंडात मिडलँड्समध्ये टूलरूमला नोकरी केली. त्या काळात मॅलरी पार्क आणि कॅडवेल पार्कला जुन्या गाड्यांच्या शर्यतींत पॅसेंजर म्हणून लोंबकळायचो. परत आल्यापासून शिरोलीत जिग-फिक्स्चरचं, म्हणजे भाग ठरल्या मापात पकडून ठेवणाऱ्या साच्यांचं, काम करतो. खाली जे सांगतोय ते या दोन्हीकडचं आहे.

स्वस्त वर्ग म्हटलं की प्रत्येकाला पहिलं सुचतं ते म्हणजे इंजिन लहान ठेवू. तेवढ्यानं वर्ग स्वस्त राहत नाही. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतीत १९९० पासून साइडकारला फॉर्म्युला टू वर्ग आला: ३५० सीसीपर्यंत टू-स्ट्रोक किंवा ६०० सीसीपर्यंत फोर-स्ट्रोक. इंजिन रस्त्यावरच्या गाडीचं, पण चासी खास बनवून घेतलेली. इंजिनावर मर्यादा आली तसा पैसा चासीत, टायरमध्ये आणि सेटिंगमध्ये जायला लागला. पाणी जसं उताराकडे जातं तसा शर्यतीतला पैसा नियमात जी जागा मोकळी राहिली तिकडे जातो. त्यामुळे नियमावली लिहायला बसलात की काय चालेल हे नंतर ठरवा. पैसे ओतून कुणाला कुठे फायदा उपटता येईल ते आधी शोधा आणि ती जागा बुजवा.

उलटा अनुभवही आहे. साइडकारची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ ला सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद एरिक ऑलिव्हरनं नॉर्टनवर घेतलं. पुढे बीएमडब्ल्यूचं आडवं जुळं इंजिन आलं. ते इतकं खाली बसायचं की गाडीचा गुरुत्वमध्यच जमिनीकडे सरकायचा. १९५४ ते १९७४ या एकवीस हंगामांपैकी एकोणीस वेळा विजेत्याच्या गाडीत तेच इंजिन होतं. मधे फक्त १९६८ आणि १९७१ ला दुसऱ्याला संधी मिळाली. ज्याला ते इंजिन मिळालं नाही तो कितीही चांगला चालवणारा असला तरी मागेच राहायचा. तेव्हा इंजिन एकच ठेवा हे माझंही म्हणणं आहे, पण ते सगळ्यांना मिळेल असं हवं, आणि एवढं करून थांबू नका.

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर कोइम्बतूरच्या करिवर्धन यांचं घ्या. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन पाइपच्या साध्या चासीत बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या. इंजिन गल्लीतल्या मेकॅनिकला माहीत असलेलं, सुटे भाग कुठल्याही शहरात मिळणारे. नारायण कार्तिकेयननं शर्यतीची सुरुवात याच गाड्यांवर केली. मला त्यातलं भावतं ते हे की त्यांनी परदेशी नियमपुस्तक समोर ठेवून गाडी केली नाही. बाजारात जे ढिगानं मिळत होतं ते उचललं आणि त्याच्याभोवती वर्ग उभा केला.

आपल्याकडे ढिगानं मिळणारी गोष्ट म्हणजे बिडाच्या इंजिनाची बुलेट ३५०. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, म्हणजे ३४६ सीसी. ताकद अठरा हॉर्सपॉवर. उद्यमनगरात हे इंजिन डोळे झाकून खोलणारे मिस्त्री अजून आहेत. गिअरची आणि किकची दांडी दोन्ही उजवीकडे, आणि आपल्याकडे साइडकार डावीकडे लागते, त्यामुळे पॅसेंजरचा प्लॅटफॉर्म आडवा येत नाही. येझदीचं इथेच अडतं. तिची किक तीच गिअरची दांडी, आणि ती डावीकडे. प्लॅटफॉर्म जोडला की किक मारायला पायाला जागा राहत नाही. धक्का मारून चालू करता येते, शर्यतीत तशीच करतात, पण पळताना गिअर टाकणारा पाय आणि पॅसेंजरचा खांदा एकाच जागी भांडतात. शिवाय टू-स्ट्रोक आली की पोर्ट (सिलिंडरमधली वायू ये-जा करायची भोकं) घासणं आलं, सायलेन्सरचे प्रयोग आले, आणि सहा महिन्यांत वर्ग ट्यूनिंगवाल्यांच्या ताब्यात जातो. आरडी ३५० तर आता शर्यतीत घालायची गाडीच राहिली नाही. तिचे भाग मिळवायला जेवढा पैसा जाईल तेवढ्यात दोन बुलेटच्या चासी उभ्या राहतील. ज्याच्याकडे आहे त्यानं ती रविवारी पुसून रंकाळ्यावर न्यावी.

बुलेट घेताना एक काळजी घ्या. बिनकागदाची स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. नोंदणी रद्द केलेली, चासी नंबर शाबूत असलेली आणि विकणाऱ्याच्या सहीची पावती असलेलीच घ्या. साइडकारचा जोड लावलेली शर्यतीची गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये नोंदणीकृत गाडीत असा बदल करण्यावर बंधन आहे, आणि कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्यावर रिकामं आहे म्हणून जरा बघून येऊ, हे कुणाच्याही मनात आलं तर त्याला ग्रुपमधून काढा.

आता नियमाचा गाभा. इंजिनात स्टँडर्ड कॅम, कंपनीच्या मापाचा कार्ब्युरेटर, बाजारात मिळणारा स्टँडर्ड किंवा ओव्हरसाइझ पिस्टन. बस्स. सीलबंद तपासणी, डायनो (ताकद मोजायचं यंत्र) असल्या भानगडीत पडू नका, त्याचाच खर्च वर्गाला खाईल. त्याऐवजी अमेरिकेतल्या डर्ट ट्रॅकवरचा जुना उपाय वापरा: शर्यत संपल्यावर कुठल्याही स्पर्धकाला ठरलेली रक्कम टेकवून जिंकलेल्याचं इंजिन मागता येईल आणि त्याला नाही म्हणता येणार नाही. रक्कम तुम्ही ठरवा, मी चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास ठेवीन. ज्याला माहीत आहे की आपलं इंजिन एवढ्यात जाऊ शकतं, तो त्यात दोन लाख घालत नाही.

चासीचा जोड मात्र सगळ्यांचा एकाच ड्रॉइंगचा आणि एकाच जिगवर टाकलेला हवा. साइडकारचा प्लॅटफॉर्म, चाकाचा दांडा, बुलेटला जोडणारे चार दुवे, हे सगळं एकाच ठिकाणी टॅक करून (वेल्डिंगचे छोटे टाके मारून) मग वेल्डिंगला द्यायचं. जिगचा खर्च एकदाच आणि सगळ्यांत वाटून. पुढे कुणाची गाडी आपटली तर त्याच जिगवर परत सरळ करता येते, हा मोठा फायदा. पहिल्या हंगामात खर्च बनवण्यापेक्षा आपटलेलं दुरुस्त करण्यातच जास्त होणार आहे.

इथे कोल्हापूरकरांसाठी दोन गोष्टी. पहिली, आपलं गाव फाउंड्रीचं, म्हणून कुणाचा ना कुणाचा मामा म्हणणारच की क्लॅम्प नि ब्रॅकेट ओतून घेऊ, फुकटात होतील. नको. जिथे चाकाचा भार येतो तिथे बिडाचं ओतकाम अजिबात नको. आत एक ब्लो होल (हवेची पोकळी) निघालं की तो तुकडा न वाकता एकदम तुटतो, आणि त्या वेळी पॅसेंजरचं डोकं जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. जाड पोलादी प्लेट कापून, ड्रिल मारून घ्या. दिसायला ओबडधोबड दिसेल, पण वाकेल तेव्हा सांगून वाकेल. दुसरी गोष्ट वेल्डरची. उसाच्या ट्रॉल्या जोडणारा आपला वेल्डर भारी काम करतो, पण त्याचा हात सहा-आठ मिलीमीटरच्या चॅनेलवर बसलेला असतो. दोन-अडीच मिलीमीटर भिंतीच्या पाइपवर तो तसाच जाड थर सोडतो, पाइप शेजारी जळून पातळ होतो आणि भेग तिथेच पडते. टिग किंवा मिग वेल्डिंगवर पातळ पाइपचं काम करणारा माणूस शोधा, आणि त्याच्याकडून आधी दोन तुकडे जोडून घ्या. ते व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवा. पाइप वाकला आणि जोड टिकला तर माणूस पक्का. नळाचा जस्ताचा पाइप कुणी आणला तर दारातूनच परत पाठवा.

मापं सांगतो. साइडकारचं चाक बुलेटच्या मागच्या चाकाच्या आसापेक्षा दीडशे ते दोनशे मिलीमीटर पुढे. दोन्ही चाकं समांतर नसतात: साइडकारचं चाक पुढच्या बाजूला किंचित आत वळलेलं लागतं, गाडीच्या लांबीत पंधरा मिलीमीटरच्या आसपास. आणि चालवणारा बसल्यावर बुलेट साइडकारपासून बाहेरच्या बाजूला एक-दोन अंश झुकलेली. या मोजणीला लेझर लागत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे सरळ सेक्शन चाकांना टेकवून ठेवा, पुढे-मागे टेपनं माप घ्या, झुकावाला ओळंबा सोडा. मात्र आधी पाण्याच्या नळीनं फरशीची लेव्हल बघा. आमच्या शेडसकट बहुतेक शेडची फरशी मोरीकडे उतरती असते, आणि त्या उतारात तुमचा अख्खा एक अंश वाहून जातो.

टायरवर खरी मारामारी होईल. साइडकारची गाडी वळणात झुकत नाही, त्यामुळे गोल पाठीचा बाइकचा टायर मधल्या पट्टीवरच घासतो आणि चाकावर आडवा दाब येतो. स्पोकची चाकं या आडव्या दाबासाठी बनलेली नाहीत. बुलेटच्या १९ इंची चाकांत जाड स्पोक भरून घ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर पान्यानं एकेक स्पोक वाजवून बघा: घट्ट असेल तो टणटणतो, सैल झालेला बद्द वाजतो. साइडकारला जुन्या बजाज चेतक स्कूटरची दहा इंची रिम लावा. पत्र्याची असल्यानं स्पोकची भानगडच नाही, टायर कुठेही मिळतो. प्रत्येक मापात टायरचं एकच मॉडेल ठरवा, हंगामाला एकच संच, आणि तपासनीस त्यावर खूण करेल. परदेशी मऊ रबर बंद. चेतकचा टायर शर्यतीचा नाही हे मला माहीत आहे, पण अठरा हॉर्सपॉवरमध्ये गाडी, जोड आणि दोन माणसं मिळून साडेतीनशे किलोच्या घरातलं वजन ओढायचं, वेग नव्वदच्या पुढे सहसा जाणार नाही. त्या वेगाला तो पुरतो. ज्या दिवशी कुणी मोठं इंजिन टाकायची भाषा करेल त्या दिवशी हा टायरही बदलावा लागेल, आणि तिथून खर्च सुटायला लागेल.

गाडीची रुंदी किती ठेवायची यावर माझं मत थोडं विचित्र वाटेल: छोट्या हत्तीच्या (टाटा एस टेम्पोच्या) हौद्यात बसेल एवढीच. हौद्याची रुंदी दीड मीटरला थोडी कमी. दोन चाकांमधलं आडवं अंतर एक मीटर पाच-दहा सेंटीमीटर ठेवलं की गाडी जोड न काढता आत जाते. ज्याला प्रत्येक वेळी मोठा ट्रक भाड्यानं घ्यावा लागेल तो तिसऱ्या शर्यतीला येणार नाही.

नवख्याला हाताळणीत काय अडचण येते तेही सांगतो, कारण नियम त्यावरच बेतायला लागतात. डावीकडे जोड असलेली गाडी ॲक्सिलरेटर दिला की डावीकडे ओढते आणि ब्रेक दाबला की उजवीकडे. हे दुरुस्त करायला कुणी महागडी भारी यंत्रणा आणू नये म्हणून साइडकारच्या चाकाला ब्रेक सक्तीचा करा, बुलेटच्या मागच्या ब्रेकच्याच पेडलला जोडलेला. हँडल मात्र जड होणार. त्यावरचा जुना इलाज म्हणजे पुढे लीडिंग-लिंक फोर्क (चाक छोट्या दांड्यांवर पुढे धरणारा) लावून ट्रेल, म्हणजे हँडल फिरण्याच्या रेषेमागे चाक जेवढं टेकतं ते अंतर, कमी करणं. प्रवेशाच्या वर्गात मी तो बंद ठेवीन. स्टँडर्ड फोर्क, रुंद हँडल आणि दंडातली ताकद. गुडघे टेकून चालवायच्या खाली दबलेल्या चासीही नकोत. साधी बसायची गाडी असू दे. पहिल्या वर्षात ज्याला बसून नीट वळता येत नाही त्याला गुडघ्यावर आणून काही फायदा नाही.

आता पॅसेंजर. इंग्लंडात गाड्या असायच्या, चालवणारे असायचे, पॅसेंजर नाही म्हणून माणसं शर्यतीच्या सकाळी पॅडॉकमध्ये, गाड्या उभ्या असतात त्या आवारात, विचारत फिरायची. आपल्याकडेही तेच होणार. डावं वळण आलं की साइडकारचं चाक उचलतं, तेव्हा पॅसेंजरला डावीकडे बाहेर, जमिनीलगत लोंबकळायला लागतं. उजवं वळण आलं की गाडी साइडकारच्या बाजूला कलते आणि मागचं चाक हलकं पडतं, तेव्हा त्यानं उडी मारून चालवणाऱ्याच्या मागे, मागच्या चाकावर वजन टाकायचं. हे सगळं वळण येण्याआधी. वळणात पोचल्यावर हलला तर उशीर झाला. आणि हे करताना एक हात कायम कुठल्या तरी दांड्यावर हवा. त्यामुळे पकडायचे दांडे प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे बसवून घ्या, ड्रॉइंगमध्ये तेवढीच एक जागा मोकळी सोडा. मागच्या चाकावर मजबूत पत्र्याचं मडगार्ड लागतंच, कारण उजव्या वळणात पॅसेंजरचं बूड त्याच्या बोटभर वर असतं. चेनही पूर्ण झाकलेली.

तालमीतला नव्वद किलोचा गडी पॅसेंजर म्हणून घेऊ नका. बळ लागतं, पण वजन प्रत्येक चढावर ओढायलाही लागतं. कबड्डीतला रेडर किंवा मल्लखांबावरची पोरगी बघा. हो, पोरगी. १९५४ साली आइल ऑफ मॅनला साइडकार शर्यतीत इंगे श्टोल पॅसेंजर होती. आणि ऑलिव्हरला पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा त्याचा पॅसेंजर होता डेनिस जेन्किन्सन. दाढीवाला, ठेंगणा, धंद्यानं पत्रकार. हाच माणूस पुढे १९५५ च्या मिले मिलिया या इटलीतल्या मोटारशर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसून कागदाच्या गुंडाळीवरून रस्ता वाचत होता. वजन कमी आणि डोकं शाबूत, एवढंच भांडवल. फक्त पोरं उपाशी राहून वजन उतरवायला लागू नयेत म्हणून दोघांच्या मिळून वजनाला किमान मर्यादा ठेवा, मी एकशे तीस किलो म्हणेन. ज्याचं कमी पडेल त्यानं प्लॅटफॉर्मला शिशाची पट्टी बांधावी.

पॅसेंजर तयार करायला ट्रॅक लागत नाही. गाडी स्टँडवर पक्की बांधा, एकानं डावं-उजवं ओरडायचं आणि दुसऱ्यानं जागा बदलायची. रोज संध्याकाळी अर्धा तास. दोन्ही माणसांनी अदलाबदल करून बघणं हा तर मी नियमच करीन: चालवणाऱ्यानं निदान काही फेऱ्या लोंबकळल्याशिवाय त्याला हँडल द्यायचं नाही. लोंबकळून आलेला माणूस ब्रेक वेगळ्या पद्धतीनं दाबतो.

एका गोष्टीत पैसा वाचवायचा नाही. दोघांना एकसंध लेदर सूट, घोटा झाकणारे बूट, पूर्ण चेहरा झाकणारं चांगलं हेल्मेट. चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरीनं बांधलेला, इंजिन बंद करणारा किल स्विच आणि पॅसेंजरच्या हाताशी दुसरा. इंजिनाखाली तेल अडवणारी ट्रे, कारण बुलेट तेल गाळतेच, आणि ते मागच्या माणसाच्या चाकाखाली जातं. लेदर नवं परवडत नसेल तर ग्रुपनं दोन-तीन मापांचे सूट मिळून घ्यावेत. नियमात मात्र सूट नाही.

पळवायचं कुठे? सुरुवात कार्टिंगच्या ट्रॅकवर. कोल्हापूरजवळ आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झाल्यात. पण कार्ट ट्रॅकवर दोन साइडकार शेजारी-शेजारी सोडायच्या नाहीत. एकेक सोडा, घड्याळ लावा. पहिल्या हंगामाला घड्याळच पुरेल, आणि घड्याळावर हरलेला माणूस दुसऱ्याला धडक मारत नाही. अपघातांचा निम्मा खर्च तिथेच वाचतो. ट्रॅकवाल्यांशी बोलताना आधीच सांगा की गाडीला तीन चाकं आहेत आणि डावं चाक कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) चढतं. रुग्णवाहिका, विमा आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाशी संलग्न क्लबमार्फत परवानगी, या तिन्हीशिवाय कुलूप काढू नका. मोठ्या ट्रॅकची हौस नंतर. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक शिरोलीवरून जाणाऱ्या त्याच ४८ नंबरच्या महामार्गाला लागून आहे, वाट चुकायची भीती नाही. पण वाटेतल्या बेंगळुरूपर्यंतच सहाशे किलोमीटर होतात, आणि डिझेल, मुक्काम, दोन माणसांची दोन दिवसांची सुट्टी धरली तर तो एक दौरा तुमच्या इंजिनापेक्षा महाग पडेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की ज्यांच्या घरी वडिलांची चेतक आणि तिचा साइडकार पडून आहे त्यांना घ्यायचं का. शर्यतीत नाही. त्या टपाला लोंबकळायला जागा नसते आणि जोडाचे दुवे बाजारहाटासाठी बनलेले असतात. पण त्यांची चाकं, रिम, हब आणि ब्रेकचे ड्रम आपल्याला लागणारच आहेत, तेव्हा त्यांच्याशी गोडीनं वागा. आणि डिझेल बुलेट आणू का असं कुणीतरी विचारेलच. तिला साडेसहा हॉर्सपॉवर. ती तपासनिसाला द्या, दिवसभर ट्रॅकभोवती फिरायला.